सीईओ व्हायला नेमकं काय लागतं?

गिअरबॉक्स (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, आज स्वतःच्या पोटापाण्याचा प्रश्न घेऊन आलोय.

मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग बीई, सुरुवात शॉप फ्लोअरवर. सध्या चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत प्लँट हेड आहे. कंपनी एका कुटुंबाची, तीन प्लँट, शेअर बाजारात नोंदणी नाही. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर. परवा मोठे साहेब (मालक) जेवताना म्हणाले, "मला आता या रोजच्या कटकटीतून बाहेर पडायचंय. तू सीईओ म्हणून विचार कर." तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय.

एक्झिक्युटिव्ह एमबीए करावं का? एका नामांकित संस्थेची फी घरी सांगितली तेव्हा बायकोने नुसतं माझ्याकडे बघितलं. इंग्रजी सुधारावं लागेल का? आणि मुळात जे लोक तिथे पोचतात ते काय करून पोचतात? "पहाटे पाचला उठा" छाप सल्ले नकोत. आमच्या फर्स्ट शिफ्टची सगळीच पोरं पहाटे पाचला उठतात, एकही सीईओ झाला नाही.

चहाटळ

पहिला! बसलोय पॉपकॉर्न घेऊन.

झेडपीकर

शीर्षक वाचून धावत आलो, वाटलं जिल्हा परिषदेचं काही आहे. आमच्याकडे सीईओ म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषदा १९६२ साली सुरू झाल्या तेव्हापासून. तिथला रस्ता सरळ आहे: यूपीएससी, मसुरी, प्रांत नाहीतर प्रकल्प अधिकारी म्हणून थोडी वर्षं, की तिशीच्या आसपासच जिल्ह्यातल्या हजारो शिक्षकांचा, ग्रामसेवकांचा साहेब. नेमणुकीची ऑर्डर मंत्रालयातून निघते, पण रोज गाठ अध्यक्ष आणि सभापतींशी. टेंडरच्या फायलीवर सही केली तरी बोंब, नाही केली तरी बोंब.

अवांतराबद्दल क्षमस्व, चालू द्या.

मिनिट्सबुक

गिअरबॉक्स, मी निवृत्त कंपनी सेक्रेटरी आहे. आयुष्यभर बोर्डरूमच्या कोपऱ्यात बसून इतिवृत्तं लिहिली, त्यामुळे या खुर्च्या भरताना आणि रिकाम्या होताना जवळून पाहिल्यात. थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, हे प्रमोशन नव्हे. व्हीपीपर्यंतच्या (व्हाइस प्रेसिडेंट) बढत्या तुमचा वरिष्ठ देतो. सीईओला वरिष्ठ नसतो, त्याला बोर्ड नेमतं. म्हणजे जी माणसं तुम्हाला वर्षातून चार वेळा, प्रत्येकी वीस मिनिटं बघतात, त्यांच्या मनात तुमच्याबद्दल काय आहे यावर सगळं ठरतं. सूचीबद्ध कंपनीत आधी नामांकन व मोबदला समिती (आम्ही तिला एनआरसी म्हणतो) नाव सुचवते, मग बोर्डाचा ठराव. व्यवस्थापकीय संचालक असेल तर भागधारकांची मंजुरी आणि साठ दिवसांत सरकारकडे नेमणुकीचा एमआर-१ फॉर्म. कायद्याने एका वेळी पाच वर्षांपेक्षा जास्त मुदत देता येत नाही, आणि खुर्ची रिकामी पडली तर कंपनी कायदा ती भरायला सहा महिने देतो. सेबीला सूचीबद्ध कंपन्यांच्या बाबतीत तेवढाही धीर नाही, एरवी तीनच महिने.

आता त्या खोलीत प्रत्यक्षात काय बोलतात ते. उमेदवाराच्या डिगऱ्यांवर दोन मिनिटं जातात. अर्धा तास जातो तो "वाईट वर्षी या माणसाने काय केलं होतं" यावर. एका बैठकीत दोन नावं होती. एकाचा विभाग सलग वाढत होता, सादरीकरण चकाचक. दुसऱ्याने तोट्यातला विभाग तीन वर्षांत जेमतेम ना-नफा-ना-तोट्यावर आणला होता. एका वयस्क स्वतंत्र संचालकांनी विचारलं, "पहिल्याला कधी कुणाला कामावरून कमी करावं लागलंय का? कधी बँकेकडे मुदत मागावी लागलीय का?" उत्तर नाही असं आलं. खुर्ची दुसऱ्याला मिळाली.

एमबीएने नुकसान काहीच नाही. पण ज्याच्या हातात स्वतंत्र नफा-तोटा कधी आलाच नाही, त्याला ते प्रमाणपत्र तिथवर नेत नाही.

आणि एक, सीईओ आणि एमडी (व्यवस्थापकीय संचालक) यांत गल्लत करू नका. एमडी हा संचालक असावाच लागतो, सीईओ नसला तरी चालतो. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर मी वर लिहिलेल्यातलं बरंचसं तिला लागूच नाही. तिथे सीईओ हे पद व्हिजिटिंग कार्डापुरतंही असू शकतं.

चहाटळ

काका, शेवटच्या वाक्यात बॉम्ब टाकलात.

सीसी_लिमिट

मिनिट्सबुक यांना अनुमोदन. मी तुमच्यासारख्याच कंपन्यांच्या फायनान्सला आहे. गिअरबॉक्स भाऊ, राग मानू नका, जरा परीक्षा घेतो. तुमच्या प्लँटचं रिजेक्शन किती पीपीएम (दहा लाख नगांमागे किती), कुठल्या मशीनचा ओईई (एकूण कार्यक्षमता) किती, स्क्रॅप काय भावाने जातो, हे तुम्ही झोपेत सांगाल. आता हे सांगा:

स्टीलचा भाव वाढला की गाडी कंपनीकडून सुधारित दराची पीओ (खरेदीची ऑर्डर) किती दिवसांनी येते, आणि तोवरचा फरक कोण सोसतं?

आज तुमच्या गेटमधून गेलेल्या मालाचा पैसा कधी येतो? तुम्ही लहान व्हेंडरला कधी देता? (२०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. खरेदीवाल्याला हे माहीत असतं, प्लँट हेडला बहुधा नसतं.)

बँकेचं कॅश क्रेडिट लिमिट किती, आणि महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट गेल्यावर ड्रॉइंग पॉवर (त्यातून प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम) किती उरते?

डिसेंबरात गाडी कंपन्यांनी शेड्यूल कापलं की तुमच्याकडे तयार माल साचतो. प्लँट हेड म्हणतो, "उत्पादन पूर्ण केलं." त्याच मालात बँकेचं व्याज चढत असतं. कार्यक्षमता शंभर टक्के आणि पगाराला पैसे नाहीत, हे दृश्य मी पाहिलंय. या प्रश्नांची उत्तरं मुनीमजींना न विचारता देता यायला लागली की समजा तयारी सुरू झाली.

गिअरबॉक्स

सीसी_लिमिट साहेब, पहिल्याचं उत्तर येतं: साधारण एक तिमाही मागे, आणि फरक आम्हीच सोसतो. बाकीच्यांची उत्तरं आमच्याकडे मोठ्या साहेबांच्या वहीत असतात. अकाउंट्स थेट त्यांनाच रिपोर्ट करतं.

सीसी_लिमिट

मग तुमचा खरा प्रश्न एमबीएचा नाही, त्या वहीचा आहे.

पीओ_नंबर_अमुक

मी एका सरकारी बँकेत आहे, म्हणून आमच्याकडचं सांगते. आमच्याकडे हे सगळं वयाचं गणित आहे. अरुंधती भट्टाचार्य इंग्रजी साहित्याच्या पदवीधर, १९७७ ला स्टेट बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर (पीओ), २०१३ ला अध्यक्ष, त्या पदावरच्या पहिल्या महिला. मधे छत्तीस वर्षं. सध्याचे अध्यक्ष सेट्टी १९८८ चे पीओ, २०२४ ला तिथे पोचले. म्हणजे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी लागलात, एकही स्केल न चुकता चढलात, तरच वर पोचेपर्यंत हाताशी नोकरीची वर्षं उरतात. मुलांच्या दहावीसाठी एक बदली नाकारली, एका प्रमोशनला मागे पडलात, की गाडी जनरल मॅनेजरवर थांबते. हुशारीचा प्रश्न येतच नाही. किती बायका या गणितात गळतात ते वेगळं सांगायला नको. भट्टाचार्यांच्याच काळात बायकांसाठी दोन वर्षांच्या सुटीची सोय झाली ती उगीच नाही.

निवड करते वित्तीय सेवा संस्था ब्युरो. मुलाखत होते, नाव सुचवलं जातं, शेवटची मोहोर मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीची. आणि एवढं करून पगार खासगी बँकेतल्या मधल्या फळीला हसू येईल असा!

सहकारातही आता आओ-जाओ घर तुम्हारा राहिलेलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनुसार नागरी सहकारी बँकेच्या एमडीचं वय ३५ ते ७० मधलं हवं, बँकिंगमध्ये मधल्या किंवा वरच्या फळीतला आठ वर्षांचा अनुभव हवा, आणि आमदार, खासदार, नगरसेवकाला ती खुर्ची बंद. शेवटची अट वाचून आमच्या गावात दोन जणांचे चेहरे पडले होते.

बॉयलर_पेटला

ताई, शेवटचं वाक्य एक नंबर.

आता आमच्या साखरेचं ऐका. कारखान्याचा एमडी म्हणजे कार्यकारी संचालक. हा चीफ केमिस्ट, चीफ इंजिनिअर, चीफ अकौंटंट नाहीतर शेती खात्यातनं वर आलेला माणूस. साखर आयुक्तालयाचं पॅनेल असतं, त्यासाठी परीक्षा होते, पुण्यातली वैकुंठ मेहता संस्था घेते. पॅनेलमध्ये नाव आलं म्हणून कारखाना मिळतो असं नाही हं. चेअरमनला तुम्ही चालायला लागता.

आणि मग मधल्या मध्ये सापडता. ऊस गाळपाला आल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची, नाही दिली तर पंधरा टक्के व्याज, असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. साखर विकली गेलेली नसते, बँक तारण कर्जाचा पुढचा हप्ता सोडत नाही. आयुक्तालयाची नोटीस येते एमडीच्या टेबलावर. आंदोलनवाले गव्हाणीत उड्या मारायला येतात तेव्हा चेअरमन मुंबईला असतात. तोडणीची टोळी उचल घेऊन पळाली, तोही एमडीचाच विषय. एवढ्यात एका संचालकाचा फोन: "आमच्या पाहुण्याचा प्लॉट आधी तोडा."

आमचे जुने एमडी तीन चेअरमन पचवून टिकले. त्यांची पद्धत एकच. कुठलाही तोंडी आदेश आला की हसत "होय साहेब" म्हणायचं आणि संध्याकाळी त्याचं टिपण करून चेअरमनच्या सहीला पाठवायचं. निम्मे आदेश सहीच्या टेबलावरनं परत यायचेच नाहीत. ही अक्कल कुठल्या कोर्समध्ये शिकवतात ते कळवा, मी पण फी भरतो.

मिनिट्सबुक

वा! टिपणाची पद्धत मनापासून आवडली. माझ्या पेशाचा सारांशच आहे तो.

कोथरूड_ते_कॅलिफोर्निया

इकडे पलीकडची बाजू मांडतो, कारण धाग्यावर जरा "रांगेत उभं राहा, नंबर लागेल" असा सूर लागतोय.

टीसीएसचं बघा. रामदोराई १९७२ ला लागले, १९९६ ला सीईओ. चंद्रशेखरन १९८७ ला लागले, २००९ ला सीईओ. कृतिवासन १९८९ ला, थेट २०२३. राजेश गोपीनाथन मात्र २००१ ला आले आणि २०१७ ला सीईओ झाले, तेही सीएफओच्या (वित्तप्रमुखाच्या) खुर्चीतून. म्हणजे एकाच घरातसुद्धा नियम एक नाही. हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये मॅनेजमेंट ट्रेनीला एकेकाळी उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात खेड्यात राहायला धाडत. साबण कोण, कसा, कुठल्या पैशाने विकत घेतं ते बघायला. आज तिथे प्रिया नायर आहेत, १ ऑगस्ट २०२५ पासून, त्या कंपनीच्या पहिल्या महिला सीईओ. सिडनहॅमच्या बीकॉम, पुण्याच्या सिंबायोसिसच्या एमबीए, १९९५ ला तिथेच लागलेल्या. पण मधे लंडनच्या मुख्य कंपनीत जागतिक जबाबदाऱ्या सांभाळून आल्या. आतलाच माणूस, पण बाहेर जाऊन आलेला, हा साचा मला बऱ्याच ठिकाणी दिसतो.

आणि लक्ष्मण नरसिंहन. पुण्याचे, सीओईपी या तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजचे मेकॅनिकल, म्हणजे गिअरबॉक्सच्या जातकुळीचे. मॅकिन्झी, पेप्सिको, मग रेकिटचे सीईओ, मार्च २०२३ मध्ये स्टारबक्स. सूत्रं घेण्याआधी हिरवा एप्रन घालून कॉफी बनवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. पुढे विक्री घसरली, आक्रमक गुंतवणूकदार मागे लागले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बोर्डाने एका सकाळी दुसरं नाव जाहीर केलं. जेमतेम सतरा महिने. माणूस तोच, हुशारी तीच. इकडे लोक खुर्चीत बसण्याआधीच बाहेर पडण्याच्या अटी वकिलाकडून लिहून घेतात, आणि त्यात कुणाला अपशकुन वाटत नाही. आपल्याकडे मालकाशी ते बोलायलाच जीभ रेटत नाही.

लेटरहेड

एवढं काय अवघड आहे? मी सत्ताविसाव्या वर्षी सीईओ झालो. सीएला पैसे दिले, कंपनी नोंदवली, कार्डं छापली. झालं.

आता रोजचं काम: ७ तारखेला टीडीएस, १५ ला पीएफ, २० ला जीएसटी, तीस तारखेला पगार, आणि मधल्या सगळ्या तारखांना "सर, पेमेंट प्रोसेसमध्ये आहे" असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकांना फोन. एसीचा मेकॅनिकही मीच बोलावतो. हलके घ्या, पण सीसी_लिमिट यांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला येतात. रात्री दोन वाजता उठवून विचारा, जागाच असतो.

गिअरबॉक्स

सगळ्यांचे आभार, विशेषतः मिनिट्सबुक काका आणि बॉयलर_पेटला. पहिल्या पोस्टमध्ये थोडं हातचं राखून लिहिलं होतं, आता स्पष्टच लिहितो. मोठ्या साहेबांचा मुलगा अमेरिकेतून पुढच्या वर्षी परत येतोय. बोर्डावर साहेब, त्यांच्या पत्नी आणि तो. मी काल धीर करून विचारलं की माझी जागा नेमकी कुठे. म्हणाले, "तू सगळं बघायचंस. बोर्डाचं आमचं आम्ही बघू." सहीची मर्यादा किती, यावर म्हणाले, "ते होईल रे हळूहळू." पगारवाढ चांगली आहे, गाडी आहे.

मिनिट्सबुक

आता मुद्द्यावर आलात. माणूस वाईट आहे असं मला वाटत नाही, कुटुंबाच्या कंपन्यांत हे असंच असतं. पण होकार देण्याआधी या गोष्टी कागदावर आणा. खरेदी, भरती आणि भांडवली खर्च यांत किती रकमेपर्यंत तुमची एकट्याची सही चालेल. सीएफओ किंवा अकाउंट्सचा प्रमुख कुणाला रिपोर्ट करणार. मुलगा आल्यावर तो तुम्हाला रिपोर्ट करणार, की तुम्ही त्याला, की दोघं साहेबांना. आणि बोर्डाच्या बैठकीत तुम्ही पूर्ण वेळ बसणार की "आता तुम्ही बाहेर थांबा" म्हणणार.

एक धोक्याचं सांगतो. फॅक्टरीचा कायदेशीर ऑक्युपायर (कारखान्यासाठी कायद्याने जबाबदार माणूस) म्हणून कंपनीच्या संचालकांपैकीच एकाचं नाव लागतं. प्रेसखाली कुणाचा जीव गेला तर खटला त्याच्यावर. उद्या अधिकार न देता फक्त त्या कारणासाठी तुम्हाला संचालक करायला निघाले तर मात्र हात जोडा. मी असं होताना बघितलंय.

सीसी_लिमिट

भर घालतो. बँका कंपनीच्या कर्जाला संचालकांची वैयक्तिक हमी मागतात. पगारदार माणसाने ती कधीही द्यायची नाही. साहेबांच्या बंगल्याबरोबर तुमचा फ्लॅट त्या यादीत जाता कामा नये.

कोथरूड_ते_कॅलिफोर्निया

मी असहमत. म्हणजे हमीबद्दल सहमत, बाकी नाही. पद घ्या. बाहेरच्या जगात हेडहंटर (कंपन्यांना मोठ्या पदांसाठी माणसं शोधून देणारा) आधी पदनामावरूनच चाळणी लावतो. दोन वर्षं "सीईओ" लिहिलेलं असेल तर पुढची कंपनी दार तरी उघडेल. अधिकार कमी होते हे तिला मुलाखतीत कळेल, तोवर तुम्ही आत असाल.

सीसी_लिमिट

मुलाखतीत पहिलाच प्रश्न "तुमचं कर्ज-भांडवल गुणोत्तर किती होतं" असा आला तर? दार उघडलं तेवढ्याच वेगाने बंद.

पीओ_नंबर_अमुक

मला दोघांचंही पटतंय, म्हणून वेगळं विचारते. तीन प्लँट म्हणालात. त्यातला एखादा तोट्यात आहे का?

गिअरबॉक्स

आहे, गुजरातमधल्या साणंदचा. सुरू झाल्यापासून एकदाच नफा दाखवलाय. तिथे जायला कुणी तयार नसतं, साहेबांनाही त्याचं नाव काढलं की ॲसिडिटी होते.

पीओ_नंबर_अमुक

मग तो मागा. आमच्याकडे ज्यांनी थकबाकीने बुडालेली रीजन मागून घेतली, त्यांचीच नावं पुढे वरच्या मुलाखतींना दिसली. सीईओचं कार्ड नंतर छापता येईल. साणंदचं बँक खातं, अकाउंटंट, खरेदी, विक्रीचे दर, सगळं तुमच्याकडे, दोन वर्षं. मुलगा आला तरी त्या प्लँटवर तो हक्क सांगायला येणार नाही!

बॉयलर_पेटला

ताईंना चेअरमन करा.

लेटरहेड

पण दर ठरवण्याचा अधिकार लेखी घ्या हं. नाहीतर साणंद तुमचा आणि रेट मोठ्या साहेबांचा. गिऱ्हाईक तेच असेल तर ते सरळ चाकणला फोन लावणार.

गिअरबॉक्स

हे पटतंय. गिऱ्हाईक तेच आहे आणि फोन चाकणलाच येतो. सोमवारी साहेबांशी बोलतो. घरी साणंदचं कसं सांगायचं हा वेगळाच विषय, मुलगी आठवीत आहे.

झेडपीकर

घरच्या ठरावाला साधं बहुमत पुरत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

मिनिट्सबुक

सोमवारच्या बोलण्यानंतर त्याच संध्याकाळी साहेबांना मेल करा, "आज ठरल्याप्रमाणे" अशी सुरुवात करून, चार ओळींचा. त्यात साणंदचा अकाउंटंट तुम्हाला रिपोर्ट करेल ही ओळ सगळ्यात वर घाला. उत्तर काय येतं ते इथे कळवा.